फ्रान्सचा रिकामा पाळणा

वाचकहो, घरात बरेच दिवस पाळणा हलला नाही तर आजीला घोर लागतो, हे आपण जाणतो. पण साऱ्या देशाचाच पाळणा थांबू लागला तर? मग ती काळजी राजकारणात शिरते, कायद्यात उतरते, आणि कधी कधी पोटासाठी आलेल्या परक्या माणसाच्या जिवावर उठते. फ्रान्स देशाने हे सारे अनुभवले. तीच हकीकत आज सांगायची आहे.

नेपोलियनच्या काळी रशिया सोडला तर युरोपात सर्वांत अधिक लोकवस्ती फ्रान्सची होती. पण त्याच सुमारास तिथल्या घरांतून मुले कमी होऊ लागली. शेजारच्या देशांत हा बदल पुष्कळ उशिरा आला. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सचा पराभव केला आणि आल्सास व लोरेनचा काही भाग तोडून घेतला. तेव्हा जर्मनी होती सुमारे ४ कोटी १० लाखांची, फ्रान्स ३ कोटी ६१ लाखांचा. १९१०-११ च्या शिरगणतीत जर्मनी ६ कोटी ४९ लाखांवर गेली. फ्रान्स ३ कोटी ९६ लाखांवरच रेंगाळला. १८९० साली तर जन्मांपेक्षा मृत्यू अधिक झाले.

असे का झाले? फ्रेडरिक ल प्ले नावाच्या जुन्या वळणाच्या विचारवंताने बोट दाखवले ते १८०४ च्या नेपोलियनी कायद्याकडे. त्या कायद्याने बापाच्या मिळकतीत सर्व मुलांना सारखा वाटा दिला. मग शेतकरी म्हणाला, जमिनीचे तुकडे नकोत, तर मुलेच कमी असू देत. भाऊबंदकीच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगायला नको. पण इतिहास तपासला तर जन्म घटू लागले होते ते या कायद्याच्याही आधीपासून. आर्सेन द्युमाँने १८९० साली दुसरे कारण मांडले. वात जसे तेल वर ओढते, तशी समाजात वर चढण्याची ओढ माणसाला असते. आणि वर चढायचे तर पाठीवरचे ओझे हलके हवे. मुलाला शिकवून कारकून करायचे, तर चार मुले कशी परवडतील?

१८९६ साली झाक बेर्तियाँ या आकडेशास्त्रज्ञाने लोकसंख्यावाढीसाठी एक राष्ट्रीय संघ काढला. मोठ्या कुटुंबांचा करभार हलका करा, ही त्याची मागणी. ती रास्तच होती. जो मुले वाढवतो तो देशाचे उद्याचे काम आज आपल्या खर्चाने करतो, असा तिचा अर्थ.

पण खाणी आणि शेते उद्यापर्यंत थांबत नाहीत. उत्तरेत बेल्जियमचे, दक्षिणेत इटलीचे मजूर आले. १८८९ च्या कायद्याने इथे जन्मून इथेच वाढलेल्या त्यांच्या पुष्कळ मुलांना नागरिक करून घेतले. त्यामागे सैन्यभरतीचा हिशेबही होता. उलट १८९३ साली मोरिस बारेस या लेखकाने परक्यांविरुद्ध पुस्तिका काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एग-मोर्त गावच्या मिठागरांवर जमावाने किमान आठ इटालियन मजूर ठार मारले. खटला झाला, आणि आरोपी निर्दोष सुटले!

पाहा, इथे गोष्ट कशी वळण घेते. हात कमी म्हणून ओरड करायची, आणि जे हात आले ते तोडायचे. मजुरी घसरण्याची भीती खोटी नव्हती. भाषा, चालीरीती टिकतील का, हा प्रश्नही क्षुद्र नव्हता. पण त्याचे उत्तर दंगलीने दिले नाही. ते दिले गावोगावच्या शाळामास्तरांनी. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले होते. मजुरांची मुले त्याच बाकांवर बसली आणि फ्रेंच झाली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक कामी आले. घाबरलेल्या सरकारने १९२० साली संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घातली. (पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले.) बंदीने पाळणे भरले का? नाही. १९३५ पासून जन्मांहून मृत्यू पुन्हा अधिक होऊ लागले. मधल्या काळात पोलंडचे खाणकामगार बोलावले गेले. १९३१ साली देशात सुमारे २७ लाख परदेशी होते. मग मंदी आली, आणि यांतलेच कित्येक पोलिश संसार आगगाडीत बसवून परत धाडले.

जून १९४० मध्ये देश पडला. मार्शल पेताँने पराभवाच्या कारणांत मुलांच्या कमतरतेचा उच्चार केला. त्याच्या राजवटीने नागरिकत्व दिलेल्यांची कागदपत्रे पुन्हा उकरली आणि सुमारे १५ हजार जणांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांत हजारो यहुदी होते. कुटुंबाचा जयघोष करणाऱ्या राजवटीनेच किती कुटुंबे उघड्यावर टाकली!

युद्धानंतर मात्र जन्म वाढले. वर्षाला आठ लाखांच्या वर मुले बरीच वर्षे जन्मत राहिली. १९३२ आणि १९३९ च्या कायद्यांनी आलेले कुटुंबभत्ते वाढवले गेले, त्याचा हातभार लागला. पण वाढ युद्धकाळातच सुरू झाली होती, तेव्हा सारे श्रेय भत्त्यांना देता येत नाही. आणि २०२४ साली तिथले जन्म ६ लाख ६३ हजारांवर उतरले.

आता हे आपल्याला कशाला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. पिढीला पिढी पुरायला सुमारे २.१ लागतात. म्हणजे हा प्रश्न आपल्याही उंबऱ्याशी आला आहे. गुरुजी, तुमच्या हजेरीपटावर तो आधी दिसेल. शेतकरीदादा, तुमच्या सुगीला तो जाणवेल.

कुटुंब हा राष्ट्राचा पाया, हे माझेही मत आहे. म्हणूनच सांगतो, तो पाया धाकाने भरत नाही. आईवर बंदी आणि परक्यावर राग, या दोन्ही वाटा फ्रान्सने चालून पाहिल्या. त्यातून एकही पाळणा वाढला नाही. मूल वाढवणाऱ्या घराचे ओझे गावाने थोडे उचलावे, आणि दूरच्या मुलखातून आलेल्या मजुराचे पोर शाळेच्या दारात दिसले तर त्याचे नाव पटावर घालावे. एवढे तर आपल्या हातात आहे.