चीनचे ‘पंचशील’ : बोलणे शांततेचे, तयारी सैन्याची

पंचशील म्हटले की आपल्याला तथागतांनी उपासकांना सांगितलेली पाच शीले आठवतात. आंतरराष्ट्रीय राजकारणात मात्र हा शब्द २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात झालेल्या तिबेटविषयक करारातील पाच तत्त्वांसाठी वापरला जातो. एकमेकांच्या सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन, ही ती तत्त्वे. चीनच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेतही त्यांचा उल्लेख आहे.

बाबासाहेबांचा इशारा

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या धोरणावर टीका केली. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ मध्ये संपली आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने भारतावर हल्ला केला.

भाषा कशी बदलली?

आपली ताकद झाकून ठेवा आणि वेळेची वाट पाहा, हे डेंग झियाओपिंग यांच्या नावाने ओळखले जाणारे धोरण होते. २००३ नंतर ‘शांततापूर्ण उदय’ हा शब्द आला. पण ‘उदय’ शेजाऱ्यांना धास्तावणारा वाटू शकतो म्हणून लवकरच त्याजागी ‘शांततापूर्ण विकास’ आला. २०१२ पासून शी जिनपिंग ‘चिनी राष्ट्राच्या महान पुनरुत्थाना’ची भाषा बोलत आहेत.

प्रत्यक्षात काय घडले?

सप्टेंबर २०१५ मध्ये शी यांनी वॉशिंग्टनमध्ये सांगितले की, दक्षिण चीन समुद्रातील स्प्रॅटली बेटांचे लष्करीकरण करण्याचा चीनचा इरादा नाही. तरीही तेथील फायरी क्रॉस, सुबी आणि मिसचीफ या प्रवाळखडकांवर भराव टाकून लष्करी विमाने उतरतील अशा धावपट्ट्या बांधल्या गेल्या. १२ जुलै २०१६ रोजी हेग येथील लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने दिलेला निकाल चीनने फेटाळला. २०१७ मध्ये जिबूती येथे चीनचा परदेशातील पहिला लष्करी तळ सुरू झाला. १५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात भारताचे २० जवान शहीद झाले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अण्वस्त्रांचा वापर आपण प्रथम करणार नाही, हे धोरण चीनने १९६४ पासून जाहीरपणे मांडले आहे आणि १९७९ च्या व्हिएतनाम युद्धानंतर मोठे युद्ध लढलेले नाही. त्याचा भर युद्धापेक्षा दबावावर आहे : समुद्रात भराव, सीमेवर रस्ते, तैवानभोवती लष्करी सराव.

म्हणून एखाद्या राष्ट्राचे शांततेचे शब्द ऐकताना त्याचे सैन्य कुठे उभे आहे आणि ते आपल्याच नागरिकांशी कसे वागते, हेही पाहावे. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये लावलेली ही कसोटी आजही तितकीच उपयोगी आहे. ती चीनइतकीच इतर कोणत्याही बलाढ्य राष्ट्राला लागू पडते.