विषय निवडताना बरोबर कोण असतं?

माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत इंग्रजी साहित्य घेऊन शिकते. दर सत्राच्या आधी ती आपल्या ‘ॲडव्हायजर’ला भेटते. कोणते पेपर घ्यायचे, कोणते पुढच्या वर्षावर टाकायचे, पुढे काय करायचं, यावर दोघं बसून बोलतात. मला याचं फार नवल वाटलं. आमच्या बी.ए.च्या वेळी स्पेशल विषय ठरायचा तो फॉर्मवरच्या रकान्यात, आणि तोही वडिलांच्या किंवा ऑफिसातल्या क्लार्कच्या म्हणण्यावर. म्हणून मग हा ॲडव्हायजर नावाचा माणूस आला कुठून, ते शोधत बसलो. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतही सल्लागाराची फारशी गरज नव्हती, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच. लॅटिन, ग्रीक, गणित; सगळ्यांना बहुतेक एकच ताट. इंग्रजी म्हणजे मुख्यतः वक्तृत्व आणि निबंध. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड हे हार्वर्डचे मोठे विद्वान १८५१ पासून पंचवीस वर्षं मुलांचे निबंध तपासत होते. (निबंधांच्या वह्यांचा ढीग म्हणजे काय, हे आम्हा मास्तर लोकांना सांगायला नको!) १८७६ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं आणि त्यांनी चाइल्डना बोलावलं. तेव्हा कुठे हार्वर्डने त्यांना निबंधांतून सोडवलं आणि ‘इंग्रजीचे प्राध्यापक’ केलं. पुढे त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडच्या ३०५ लोकगाथांचा थोर संग्रह सिद्ध केला.

त्याच सुमारास हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढायला सुरुवात केली होती. १८६९ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा एक विषय तेवढा सक्तीचा उरला. बाकी ज्याला जे हवं ते घ्यावं. आता निवडीचं स्वातंत्र्य ही चांगलीच गोष्ट. पण सोळा-सतरा वर्षांचा पोर काय निवडणार? बरेचजण सोपे विषय शोधू लागले, अशी टीका झाली. घरात शिकलेली माणसं असलेल्याला घरून तरी सल्ला मिळे. बाकीच्यांचं काय?

सल्लागाराची गरज इथे निर्माण झाली. जॉन्स हॉपकिन्सने विषयांचे गट बांधले, ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द वापरात आणले आणि विद्यार्थ्याला प्राध्यापक सल्लागार जोडून दिला. हार्वर्डने १८८९ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सल्लागार मंडळ नेमलं. १८९१ मध्ये सुरू झालेल्या स्टॅनफर्डमध्ये मुलगा जो मुख्य विषय घेई, त्याचा प्राध्यापकच त्याचा सल्लागार होई. पुढे १९१० मध्ये हार्वर्डच्या लॉवेल यांनी नियम केला, की सोळापैकी किमान सहा अभ्यासक्रम एका विषयातले हवेत आणि बाकीच्यांतले काही इतर शाखांतले. थोडक्यात, मोकळं रान देऊन झाल्यावर पायवाट आखावी लागली.

पण सल्ला म्हणजे नुसतं वेळापत्रक जुळवणं नव्हे. १९७२ मध्ये टेरी ओबॅनियन यांनी सल्ल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. आधी आयुष्यात काय हवं, मग कुठलं काम करायचं, मग कुठली शाखा, मग कुठले अभ्यासक्रम आणि सर्वांत शेवटी तासांची जुळणी. मला हा क्रमच फार मोलाचा वाटतो. आपण बरोबर उलटीकडून सुरुवात करतो: टक्के किती, जागा कुठे मिळते, त्यावर शाखा, आयुष्याचं नंतर बघू!

इंग्रजीच्या विद्यार्थ्याला तर अशा माणसाची गरज जास्तच. इंजिनिअरिंगच्या मुलाला पुढचा रस्ता बराचसा दिसतो. साहित्याच्या पदवीवर कुठल्याच नोकरीचं नाव लिहिलेलं नसतं. अमेरिकेत १९७१ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६४ हजार मुलं इंग्रजीत पदवी घेत. एकूण पदव्या दुपटीहून वाढूनही २०२१ मध्ये तो आकडा ३६ हजारांच्या आसपास आला. याला पैशाची चिंता, महाग शिक्षण अशी पुष्कळ कारणं असतील. पण ‘साहित्य घेऊन काय करणार?’ या प्रश्नाला शांतपणे उत्तर देणारं माणूस समोर असलं, तर आवड असलेलं पोर निदान भीतीने तरी वाट बदलणार नाही, असं मला वाटतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे ते ‘मेजर-मायनर’ आता आपल्याकडेही आले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून स्वायत्त आणि २०२४ पासून संलग्न कॉलेजांतही हीच भाषा सुरू झाली. निवड आली, हे छानच. पण तिच्याबरोबर सल्ला देणारा माणूसही यायला हवा, नाहीतर खेड्यातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली पोर त्या याद्यांसमोर एकटीच उभी राहील. तुमच्यापैकी जे अजून कॉलेजात शिकवतात, त्यांनी आठवड्यातला एक तास तरी अशा मुलांसाठी राखून ठेवावा. आणि घरातल्या मोठ्यांनी टक्के विचारण्याआधी एकदा, ‘तुला काय वाचायला आवडतं गं?’ एवढं विचारून पाहावं.