पाट, काडीमोड आणि कायदा

पहिला संसार संपल्यावर प्रौढ वयांत दुसरा मांडणें ही नव्या युगाची कल्पना होय, असा समज सुशिक्षित कुटुंबांत रूढ आहे. पांढरपेशा जातींपुरता तो खरा असेल, महाराष्ट्रापुरता नव्हे. कुणबी, माळी, धनगर आदि जातींत विधवेला व काडीमोड झालेल्या स्त्रीला पाट लावण्याची मुभा पूर्वापार होती. मात्र त्या मुभेस मोल पडे. पाट लागे तो बहुधा रात्रीं, गाजावाजा न करतां. शिवाय पेशवाईंत सरकारांत ‘पाटदाम’ नांवाची पट्टी भरावी लागे.

१८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. ज्यांस बंदी होती त्यांची वाट त्यानें मोकळी केली. पण त्याच्या दुसऱ्या कलमानें पुनर्विवाहितेचा मृत पतीच्या मिळकतीवरील हक्क नाहींसा केला. जिला रूढीनें आधींच मोकळीक होती तिलाही हें कलम लागू आहे, असें मुंबईच्या उच्च न्यायालयानें ठरविलें. अलाहाबादच्या न्यायालयानें उलट निर्णय दिला. म्हणजे उद्धारासाठीं केलेल्या कायद्यानें आमच्या इलाख्यांत मोकळ्या स्त्रीच्याच हातची भाकरी काढून घेतली!

१९५५ च्या कायद्यानें हिंदूंस घटस्फोट दिला, परंतु त्यानंतर नव्या विवाहासाठीं एक वर्ष थांबण्याची अट घातली. ती १९७६ मध्यें गेली. १८५६ चा कायदाही १९८३ मध्यें रद्द झाला. सरकारची पट्टी संपली. समाजाची चालूच आहे. चाळिशी उलटलेल्या स्त्रीच्या लग्नाची बोलणी आपल्या घरांतून अजून दबक्या आवाजांतच होतात. ही पट्टी माफ करणें मात्र कोणत्याहि कायदेमंडळाच्या नव्हे, आपल्याच हातीं आहे.