विषाचा उतारा

‘उतारा’ म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेतला गद्य उतारा आठवतो, शेतकऱ्याला सात-बाराचा. विषावरचा उतारा हा तिसरा. त्यात विष खरोखरच ‘उतरते’ असे गृहीत धरलेले असते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा इतिहास वाचताना हे गृहीतक आम्हाला तपासून पाहावेसे वाटले.

कुरारे हे दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे बाणांना लावायचे विष. ते स्नायू लुळे पाडते, श्वास थांबवते. जाणीव मात्र शाबूत ठेवते. १९०० साली व्हिएन्नात याकोब पाल यांना दिसले की कुरारेने निश्चल झालेली कुत्री फायसोस्टिग्मिन दिल्यावर पुन्हा श्वास घेऊ लागतात. हे द्रव्यही विषच, आजच्या नायजेरियातील कालाबारच्या एका शेंगेच्या बीमधले. तेथील एफिक समाजात चेटकाचा आरोप आलेल्या माणसाला ती बी खावी लागे. ओकून वाचला तो निर्दोष, मेला तो अपराधी. (आपल्या स्मृतिकारांनीही दिव्यांत विषाचे दिव्य सांगितले आहेच.) म्हणजे आफ्रिकेतले न्यायदानाचे विष अमेरिकेतल्या शिकारीच्या विषावर चालले. गंमत अशी की शस्त्रक्रियेसाठी भूल देताना कुरारेचा वापर ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी माँट्रियलमध्ये केला तो १९४२ साली. उतारा बेचाळीस वर्षे आधीच तयार होता!

याला ‘काट्याने काटा काढणे’ म्हणण्याचा मोह होतो. पण येथे काटा निघतच नाही. मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनची जागा कुरारे अडवून बसते. फायसोस्टिग्मिन, आणि १९३१ साली तयार झालेले त्याचे कृत्रिम भावंड निओस्टिग्मिन, कुरारेला हातही लावीत नाहीत. अ‍ॅसिटिलकोलिनचा नाश करणाऱ्या विकराला ती रोखतात. मग निरोप्यांची गर्दी वाढते आणि अडवणारा बाजूला सरतो. ही गर्दी हृदयाची गतीही मंदावते, म्हणून जोडीला अ‍ॅट्रोपिनसारखे औषध द्यावे लागते. शिवाय स्नायू पूर्ण लुळे असतील तर गर्दीचाही उपयोग होत नाही.

औषधालाच धरून निष्क्रिय करणारा उतारा स्कॉटलंडमध्ये ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. रोक्युरोनियमसाठी विद्रावक शोधताना अँटन बोम यांना आढळले की सायक्लोडेक्स्ट्रिनचे कडे त्या रेणूला आपल्या पोकळीत कोंडून ठेवते. त्यातून झालेल्या सुगामाडेक्सला युरोपात २००८ साली, अमेरिकेत २०१५ साली परवानगी मिळाली. मात्र या पोकळीत रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम मावतात. अ‍ॅट्राक्युरियम मावत नाही. त्याच्यासाठी भूलतज्ज्ञ आजही निओस्टिग्मिनच भरून घेतात.