आरोपातून आधाराकडे : स्वमग्न मुलांच्या पालकांविषयीच्या दृष्टिकोनाचा इतिहास (१९४३ ते २०१६)

प्रास्ताविक

दोन-तीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान होते, तेव्हा उपचारांच्या आधीच आईवडिलांसमोर एक प्रश्न उभा राहतो : आपले काय चुकले? तज्ज्ञांनी या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे दिली, त्यांना स्वतःचा एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास दिले गेलेले उत्तर पालकांना, विशेषतः मातांना, दोषी ठरविणारे होते. शतक संपेपर्यंत त्याच पालकांना उपचारातील सहकारी मानले जाऊ लागले. हा बदल कसा घडला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. निदानानंतर पालकांना काय मिळते, आधार की आरोप, हे त्या काळातील कारणमीमांसेवर अवलंबून असते. आणि ती कारणमीमांसा बदलण्यात स्वतः पालकांचा वाटा मोठा आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

कॅनर यांचे संशोधन आणि त्यातील दोन सूर

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात योजला होता. बालकांमधील एका स्वतंत्र अवस्थेसाठी तो रूढ झाला तो अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या शोधनिबंधामुळे. या निबंधात ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ बालकांची वर्णने आहेत. त्यांतील पहिल्या मुलाच्या वडिलांनी मिसिसिपी राज्यातून ३३ पानांचे टंकलिखित पत्र पाठवून मुलाच्या वागण्याचा बारीकसारीक तपशील कळविला होता. नव्या निदानाचा पाया ज्या निरीक्षणांवर उभा राहिला, त्यांतील बरीचशी अशी पालकांनी केलेली होती.

तथापि कॅनर यांच्या लेखनात दोन सूर एकाच वेळी ऐकू येतात. ही मुले आयुष्याच्या आरंभापासूनच एकाकी असल्याने सारा दोष पालकांच्या वर्तनाला देता येणार नाही, ही अवस्था जन्मजात असावी, असे ते एकीकडे म्हणतात. दुसरीकडे या मुलांच्या आईवडिलांमध्ये खरोखर मायाळू माणसे थोडीच आढळली, अशीही नोंद करतात. पालकांनी ठेवलेल्या तपशीलवार नोंदवह्या त्यांना घरातील अतिचिकित्सक वृत्तीचा पुरावा वाटल्या. ज्या काळजीमुळे निदान शक्य झाले, तीच काळजी अशा रीतीने संशयाचा विषय बनली. हे पालक बहुतांशी उच्चशिक्षित होते. परंतु त्या काळी अशा नामांकित संस्थेपर्यंत पोहोचणे शिक्षित व सधन कुटुंबांनाच सुकर होते, ही बाब दुर्लक्षित राहिली. हा निवडीतून निर्माण झालेला आभास असू शकतो, याकडे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी १९८० मध्ये लक्ष वेधले.

आरोपाचा काळ

१९४९ च्या लेखात कॅनर यांनी या घरांतील भावनिक थंडपणासाठी शीतकपाटाची उपमा वापरली. पुढे ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि उपमेला सिद्धान्ताचे रूप आले. मनोविश्लेषणाचा अमेरिकेत तेव्हा मोठा प्रभाव होता. बालपणीच्या प्रत्येक विकाराचे मूळ आईच्या वागण्यात शोधण्याची प्रवृत्ती त्या विचारसरणीस मानवणारी होती.

शिकागो विद्यापीठाच्या ऑर्थोजेनिक स्कूलचे संचालक ब्रुनो बेटलहाइम यांनी ही भूमिका सामान्य वाचकांपर्यंत नेली. १९३८–३९ मध्ये त्यांनी डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत बंदिवास भोगला होता. आत्यंतिक भयाने माणूस आतल्या आत मिटून जातो, हे तेथील निरीक्षण त्यांनी स्वमग्न मुलांना लावले. १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात त्यांनी मुलाच्या मिटून जाण्याचे कारण पालकांच्या मनातील सुप्त नकारात शोधले. मुलाला पालकांपासून दूर ठेवणे हा या विचाराचा स्वाभाविक परिणाम होता.

या कारणमीमांसेमुळे निदानाचा क्षण हाच आरोपपत्राचा क्षण ठरत असे. आईला मनोविश्लेषणाचा सल्ला मिळे, मूल निवासी संस्थेत जाई आणि घरी मुलाशी कसे वागावे हे कोणी शिकवत नसे. ज्यांना कारण मानले, त्यांना उपाय शिकविण्याचे प्रयोजनच उरत नव्हते.

पालकांचा प्रतिवाद

या सिद्धान्ताला पहिले भक्कम आव्हान एका पालकाने दिले. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध साहित्य अभ्यासून १९६४ मध्ये ‘इन्फन्टाइल ऑटिझम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मातृदोषाच्या सिद्धान्ताला पुरावा नाही व कारणे जैविक असावीत, असे त्यांनी साधार मांडले. विशेष म्हणजे या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांची होती. ग्रंथ वाचून देशभरातील पालकांनी रिमलँड यांना पत्रे लिहिली. त्यातून १९६५ मध्ये ‘नॅशनल सोसायटी फॉर ऑटिस्टिक चिल्ड्रन’ ही संघटना उभी राहिली. तिच्या १९६९ च्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. तिथवर पोहोचण्यास पालकांना पाव शतकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

इंग्लंडमध्ये पालकांची संघटना १९६२ मध्येच स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांतील लोर्ना विंग या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. संघटनेने १९६५ मध्ये लंडनच्या ईलिंग भागात शाळा सुरू केली. विंग यांनी १९७१ मध्ये खास पालकांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यानंतर १९७७ मध्ये सुसान फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली, तर द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. नमुना लहान असला, तरी आनुवंशिकतेच्या दिशेने निर्देश करणारा हा पुरावा ‘थंड आई’च्या सिद्धान्ताला निष्प्रभ करणारा ठरला.

पालक : सहचिकित्सक

दोषमुक्तीनंतरचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. पालक दोषी नाहीत हे मान्य केले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय करावयाचे? याचे उत्तर एरिक शॉप्लर यांनी दिले. त्यांचे शिक्षण शिकागोत, बेटलहाइम यांच्या प्रभावक्षेत्रात झाले होते. मात्र त्यांनी नेमकी उलट दिशा धरली. उत्तर कॅरोलायना येथे रॉबर्ट राइशलर यांच्यासह त्यांनी पालकांना सहचिकित्सक मानणारी पद्धती विकसित केली. एकतर्फी आरशाआडून पालक चिकित्सकाचे काम पाहत आणि मग चिकित्सक पालकांचे काम पाहत. शिकलेल्या गोष्टी घरी रोजच्या व्यवहारात उतरविल्या जात. १९७२ मध्ये राज्य विधिमंडळाने या कार्यास ‘टीच’ नावाने राज्यव्यापी कार्यक्रमाचे स्वरूप दिले. अशा रीतीने पालकांना मिळणारा आधार प्रथमच सार्वजनिक सेवेचा भाग बनला.

या इतिहासातील आणखी एक आवाज दुर्लक्षून चालणार नाही. स्वतः स्वमग्न असलेले जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये टोरांटो येथील परिषदेत मांडलेले विचार पालकांना उद्देशून होते. पालकांचा शोक कल्पनेतील मुलासाठी असतो. तो समजण्याजोगा आहे, परंतु समोर असलेल्या मुलाला त्या शोकाचे कारण करू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आधाराचे अंतिम प्रयोजन मूल आहे, याचे भान या विचाराने दिले.

भारतीय संदर्भ

भारतातही पुढाकार पालकांचाच राहिला. दिल्लीतील ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली. संस्थापक मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आई आहेत. पालक आणि मूल यांनी काही आठवडे एकत्र येऊन शिकण्याचा या संस्थेचा कार्यक्रम सहचिकित्सकाच्या कल्पनेशी नाते सांगतो.

कायद्याची पावले त्यामानाने मंद पडली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम कायदेशीर मान्यता दिली आणि स्थानिक स्तरीय समितीमार्फत पालकत्वाची तरतूद केली. ‘आमच्या पश्चात काय?’ या पालकांच्या चिंतेला राज्यसंस्थेने दिलेले ते पहिले उत्तर होय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश केला. काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडिलांना स्थान दिले आणि उच्च आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख केला.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. तेथील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारित, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांचे सामाजिक एकटेपण तसेच वैद्यकीय व शैक्षणिक क्षेत्रांतील जाणिवेचा अभाव नोंदविला गेला. पुढे गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे ६५ मुलांच्या सहभागाने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे पालकांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. ते प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते होते. आई व मूल खेळत असतानाचे चित्रीकरण त्यांनी पालकांसोबत पाहिले आणि मुलाच्या सूक्ष्म संकेतांना प्रतिसाद कसा द्यावा, यावर चर्चा केली. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. तज्ज्ञांची वाण असलेल्या प्रदेशातही आधार पोहोचू शकतो, हे यातून दिसून येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पालकांना मिळालेला आधार तीन पायऱ्यांनी घडला : दोषमुक्ती, कौशल्य आणि कायदेशीर संरक्षण. यांतील पहिली पायरी मात्र पुन्हा पुन्हा निसटताना दिसते. १९९८ मध्ये लसीकरणाशी जोडलेला, २०१० मध्ये मागे घेण्यात आलेला शोधनिबंध अनेक पालकांना नाहक अपराधभाव देऊन गेला. अलीकडे ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द ऐकू येतो. त्यास मानसिक विकारांच्या अधिकृत वर्गीकरणात स्थान नाही. लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु आईने मोबाइल दिला म्हणून मूल स्वमग्न झाले, या निष्कर्षात शीतकपाटाची जुनी उपमाच नव्या वस्तूच्या रूपाने परतते. यावेळी आरोपी नोकरी करणारी आई असते, इतकाच फरक.

मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य यांच्या अध्यापकांचा या विषयाशी थेट संबंध आहे. आपल्या वर्गातून बाहेर पडणारे विद्यार्थी उद्या अंगणवाडी, शाळा आणि समुपदेशन केंद्रांत या पालकांसमोर बसणार आहेत. लक्षणांची यादी शिकविताना हा इतिहासही शिकविला गेल्यास, निदानाच्या त्या पहिल्या भेटीत ‘तुमचे काही चुकलेले नाही’ हे वाक्य उच्चारण्यास ते विसरणार नाहीत. उपचारांचा आरंभ त्या वाक्यापासून होतो.