हक्काचे आठ दिवस

न्यू जर्सीच्या अगदी दक्षिण टोकाला, डेलावेअरची खाडी जिथं अटलांटिकला मिळते तिथं, केप मे नावाचं गाव आहे. १८७८ च्या नोव्हेंबरात लागलेल्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, आणि लोकांनी तो पुन्हा लाकडी घरांनीच उभा केला. कातीव नक्षीच्या ओसऱ्या, टोकदार छपरं, रंगवलेले खांब असलेली ती घरं पाहायला आज लांबून माणसं येतात. मला मात्र या गावाची ओढ लागली ती तिथल्या हॉलिडे हाउसच्या गोष्टी ऐकून. ‘गर्ल्स फ्रेंडली सोसायटी’ ही एपिस्कोपल चर्चशी जोडलेली संस्था. तिच्या पेनसिल्व्हेनियातल्या मंडळींनी मुलींसाठी चालवलेलं हे समुद्राकाठचं सुट्टीघर. अमेरिकेतल्या या संस्थेला २०२७ मध्ये दीडशे वर्षं पूर्ण होतील.

गोष्टी सांगितल्या आमच्या शेजारच्या आजींनी. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहायला आलो तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. माझी मुलं त्यांना मराठीतच ‘आजी’ म्हणत आणि त्याही हाकेला ओ देत. त्यांची आई केन्सिंग्टनमधल्या पायमोज्यांच्या गिरणीत कामाला होती. फिलाडेल्फियाचा हा भाग त्या काळी बायकांच्या रेशमी पायमोज्यांसाठी प्रसिद्ध होता. आई चौदाव्या वर्षी गिरणीत शिरली. पगाराचं पाकीट न फोडता घरी द्यायचं, आणि घरी दोन धाकट्या बहिणींबरोबर एकाच पलंगावर झोपायचं. चर्चमधल्या एका बाईंकडे हिवाळाभर थोडी थोडी नाणी जमा व्हायची, आपल्याकडच्या भिशीसारखी. उन्हाळा आला की तेवढ्या पैशांत आठ दिवस केप मे.

मार्केट स्ट्रीटच्या धक्क्यावरून होडीनं नदी ओलांडून कॅम्डेन, तिथून आगगाडी. केप मेपर्यंत रूळ १८६३ मध्येच पोचले होते. आईच्या आठवणी १९२६ च्या उन्हाळ्याभोवती फिरत. त्या जूनमध्ये ‘अटलांटस’ हे काँक्रीटचं जहाज वादळात किनाऱ्याजवळ रुतून बसलं आणि सगळं गाव ते बघायला लोटलं. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती म्हणून अशी जहाजं बांधली होती. जुलैत डेलावेअर नदीवरचा मोठा पूल खुला झाला. पण आई लेकीला पुन्हा पुन्हा सांगे ते जहाजाचं नव्हे, पुलाचंही नव्हे. ती सांगे, की पहिल्या सकाळी तिला कुणी उठवलंच नाही. उठली तर न्याहारी तयार, ती दुसऱ्या कुणीतरी केलेली. आणि पलंग तिच्या एकटीचा. ‘मी त्यावर आडवी, तिरपी, कशीही झोपून पाहिलं,’ असं म्हणताना म्हातारपणीही आईच्या चेहऱ्यावर तोच आनंद दिसायचा, असं आजी सांगत.

अशा सुट्टीघराच्या कल्पनेचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. मेरी एलिझाबेथ टाउनसेंड यांनी १ जानेवारी १८७५ रोजी ही संस्था सुरू केली. तेव्हा खेड्यांतल्या हजारो मुली घरकामाला नाहीतर गिरण्यांत राबायला शहरांत येत होत्या. तिथं त्यांना ओळखणारं कुणी नसे. मुलगी एका गावाहून दुसऱ्या गावी नोकरीला निघाली, की संस्थेची शाखा तिथल्या शाखेला पत्र पाठवी आणि पोचण्याआधीच तिच्यासाठी कुणीतरी वाट पाहत असे. पत्रांच्या या साखळीतून पुढं राहण्याच्या खोल्या आल्या, आजारपणात मदत आली आणि समुद्राकाठची विश्रांतीची घरं आली.

अमेरिकेतली पहिली शाखा १८७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला निघाली, आणि ती तिथंच निघावी हे साहजिकच होतं. लोवेल हे कापड गिरण्यांसाठीच वसवलेलं शहर. शेतकऱ्यांच्या तरुण मुली तिथं कंपनीच्या खानावळींत राहून घंटेच्या ठोक्यावर कामाला जात. सुरुवातीच्या दशकांत आठवड्याला सत्तर तासांहून अधिक काम असे. पगार कापले म्हणून १८३४ मध्ये या मुलींनी संप केला, पुढं दहा तासांच्या दिवसासाठी सह्या गोळा केल्या. बायका-मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला तो १८७४ मध्ये. सेंट अ‍ॅन्स हे गिरणी कंपनीनं बांधलेलं चर्च. तिथले धर्मगुरू थिओडोर एडसन. गिरणीच्या व्यवस्थापकाचा विरोध झुगारून त्यांनी सार्वजनिक शाळांची बाजू घेतली होती. त्यांच्याच मुलीनं, एलिझाबेथनं, ही शाखा सुरू केली.

लोवेलचं नाव वाचलं की मला मुंबईतलं लालबाग आठवतं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लोवेलच्या गिरण्या बंद पडून मुली घरी बसल्या. आणि त्याच कापसाच्या टंचाईनं मुंबईत पैशांचा पूर आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो ओसरला, पण कापड गिरण्यांचं शहर म्हणून मुंबईची वाढ पुढं होतच राहिली. त्यांतल्याच एका गिरणीत माझी आत्या वाइंडिंग खात्यात होती.

गिरणगावात रविवारची सुट्टीसुद्धा आयती मिळाली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी कित्येक वर्षं ‘दीनबंधु’ या पत्रातून लिहिलं, कामगारांना एकत्र आणलं. २४ एप्रिल १८९० च्या महालक्ष्मीच्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आत्याच्या सासूबाई ही हकीकत आपल्या थोरल्यांकडून ऐकून सांगत, आणि वर पुस्ती जोडत, ‘रविवार पुरुषांचा गं. आपल्याला त्या दिवशी धुणं जास्त.’ आत्याचंही तेच झालं. रविवारी गोधड्या धुवायच्या, दळण आणायचं, आठवड्याचं निवडून ठेवायचं. गावी जायचं ते शिमग्याला नाहीतर गणपतीला, आणि तिथं चूल वाट बघत असे. लालबागहून वरळीचा समुद्र तो कितीसा लांब! पण आत्यानं समुद्र पाहिला तो बहुतेक विसर्जनाच्या गर्दीत, कडेवर मूल घेऊन. १९८२ च्या संपानं गिरणी गेली. पुढं कधी ‘थोडे दिवस आराम कर’ म्हटलं, तर तिला ते जमतच नसे. हात काहीतरी शोधत राहत.

हॉलिडे हाउसच्या गोष्टी ऐकताना ही तफावत मला फार लागते. त्या घरालाही मर्यादा होत्या. सकाळची प्रार्थना चुकवायची नाही, संध्याकाळी ठरल्या वेळी परत यायचं. संस्थेत वरच्या वर्गातल्या बायका ‘असोसिएट’ आणि कामकरी मुली ‘मेंबर’, अशी सरळ उतरंड होती. चारित्र्याला डाग लागलेल्या मुलीला सभासद करू नये, असा इंग्लंडच्या संस्थेचा नियम होता. ज्या मुलीला आधाराची सर्वांत जास्त गरज, तिलाच दार बंद. त्यावर संस्थेच्या आतूनही जोरदार वाद झाले. केप मे गावातही कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी शाळा होती. फ्रँकलिन स्ट्रीटवरची ती इमारत १९२८ ची. शेजारच्या आजींनी हे लपवलं नाही. ‘आमच्या खोलीत सगळ्या आमच्यासारख्याच होत्या, आणि तेव्हा ते आम्हाला खटकलंही नाही,’ असं त्या स्पष्ट म्हणत. तो अन्याय मान्य करूनच मी त्या घराचं ऋण मानते.

आजी स्वतः तिथं गेल्या त्या दुसऱ्या महायुद्धानंतर, शाळकरी वयात. आत येण्याआधी पायांची वाळू धुवायची, ओसरीवरच्या झुलत्या खुर्च्यांसाठी भांडायचं, गावाबाहेरच्या किनाऱ्यावर ‘केप मे डायमंड’ म्हणतात ते गारगोटीचे पारदर्शक खडे वेचायचे. मार्च १९६२ च्या वादळानं हा किनारा झोडपून काढला, समुद्राकाठचा लाकडी रस्ता उखडला गेला. तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो त्या घराचा.

गिरणीत राबणाऱ्या मुलीला आजारी नसतानाही विश्रांती हवी असते, तिच्यासाठी समुद्राकाठी खाट राखून ठेवावी लागते, हे कुणाच्या तरी मनात आलं आणि त्यांनी ते विटा-लाकडात उतरवलं. एवढंच मला मोठं वाटतं. आपल्याकडे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृहं झाली. ती कामाच्या सोयीसाठी. काम बाजूला ठेवण्यासाठी एकही जागा मला ठाऊक नाही. आज चाकणच्या आणि रांजणगावच्या कारखान्यांत विशी-बाविशीच्या मुली पाळ्या करतात, एका खोलीत चौघी राहतात, पगार गावी पाठवतात. गणपतीपुळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कोकणात भक्तनिवासं आहेत, वसईच्या किनाऱ्यावर चर्चच्या जागा आहेत, जुन्या संस्थांच्या ओस पडलेल्या इमारती आहेत. देवस्थानानं करावं, चर्चनं करावं, कामगार संघटनेनं करावं. मुलीची जात, धर्म, चारित्र्य न विचारता करावं. एका खोलीनं सुरुवात झाली तरी चालेल. भाडं तिच्या पगारात बसणारं, जेवण दुसऱ्या कुणी रांधलेलं, आणि सकाळी उठवायला कुणी नाही, या तीन गोष्टी मात्र पक्क्या हव्यात.