काळ्या रेघांची लिपि

मावळांतील कार्ल्याच्या चैत्यगृहांत जे स्तंभ उभे आहेत, त्यांपैकीं अनेकांवर दात्याचें नांव व गांव ब्राह्मी लिपींत कोरलेलें आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे हे लेख पुढें शतकानुशतकें मुके झाले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनें ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हां ते पुन्हां बोलूं लागले. वाचणारा नसेल तर खूण व्यर्थ होय. जवळच्याच लोणावळ्यांत चिक्कीच्या पाकिटांवर ज्या उभ्या काळ्या रेघा छापलेल्या असतात, त्या बारकोडचा इतिहासहि हेंच सांगतो.

१९४८ सालीं अमेरिकेंतील एका किराणा-दुकानांच्या चालकानें फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेंत विचारणा केली, कीं मालाची नोंद आपोआप व्हावी अशी कांहीं युक्ति निघेल काय? ती बर्नार्ड सिल्व्हरच्या कानीं पडली व त्यानें आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड यास सांगितली. वुडलंडला तारायंत्राची मॉर्स लिपि येत होती. मायामीच्या समुद्रकांठीं वाळूंत बोटें ओढतांना त्याच्या ध्यानीं आलें, कीं त्या लिपींतील बिंदु व दंड खालीं लांबविले तर बारीक व जाड रेघा होतात. १९५२ मध्यें दोघांस पेटंट मिळालें. पण त्या रेघा वाचणारें, दुकानदारास परवडेल असें यंत्र कोठें होतें? लेझर व स्वस्त गणकयंत्रें येईपर्यंत कल्पना कागदावरच राहिली. अखेर २६ जून १९७४ रोजीं ओहायो प्रांतांतील ट्रॉय गांवीं च्युइंग गमचें एक पाकीट रेघा वाचून विकलें गेलें.

आपल्याकडील पाकिटावर रेघांखालीं बहुधा तेरा अंक असतात. यंत्राचा तांबडा प्रकाश पांढऱ्या जागेवरून परततो व काळ्या रेघेंत शोषला जातो. म्हणून पांढऱ्यावर तांबड्या रेघा छापल्या तर यंत्रास त्या दिसतच नाहींत. शेवटचा अंक आधींच्या बारा अंकांवरून गणितानें काढलेला असतो. वाचण्यांत चूक झाली तर ती बहुधा त्याच्यावरून उघडकीस येते. किंमत मात्र रेघांत नसते. रेघा क्रमांक सांगतात व त्या क्रमांकापुढची किंमत दुकानाच्या गणकयंत्रांत सांपडते.

आरंभींच्या ८९० ह्या अंकांचा अर्थ एवढाच, कीं क्रमांक भारतांतील संस्थेनें दिला आहे. माल कोठें तयार झाला, हें त्यांवरून कळत नाहीं. गूळ चांगला कीं वाईट, शेंगदाणे ताजे कीं खवट, हेंहि रेघांस ठाऊक नसतें. तरी कित्येक गिऱ्हाइकें रेघा पाहून माल अस्सल मानतात. कार्ल्याचा दाता आपलें नांव व गांव सांगून दानामागें उभा राहिला. पाकिटावरहि करणाऱ्याचें नांव, पत्ता व तारीख अक्षरांत छापलेली असते. ती वाचण्यास यंत्र लागत नाहीं.